‘सर’ एवढाच निरोप

रात्री साडेदहाच्या सुमारास मोबाइलवर निरोप येई : ‘सर’. पुढे काही नाही. प्रश्न नाही, विषय नाही, पाठवणाऱ्याचे नावही नाही. आमच्यापैकी एकाला ‘सर’ येई, दुसरीला ‘मॅडम’. सकाळी पाहावे तर त्याच्याच खाली आणखी एकदा तोच शब्द. २०२० च्या जुलैपासून दिवाळीपर्यंत असे कितीतरी एकशब्दी निरोप आमच्याकडे साठले. आम्ही त्यांना उत्तर दिले नाही. जिथे काही विचारलेच नाही, तिथे उत्तर कशाचे द्यायचे, असा आमचा सरळ हिशेब होता.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. नागपूरला एम. ए.च्या एकाच वर्गात शिकलो. आता एक जण चंद्रपूर जिल्ह्याच्या कोळसापट्ट्यात शिकवतो, तर दुसरी गडचिरोलीच्या दक्षिण भागात. दिवाळीनंतर एकमेकांशी बोलून आम्ही आपापल्या वर्गांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सूचना टाकली. तिचा मसुदा आमचाच असल्याने तो आजही जवळजवळ पाठ आहे. विद्यार्थ्यांनी अर्धवट निरोप पाठवू नयेत. आपले पूर्ण नाव, वर्ग, हजेरी क्रमांक आणि प्रश्न शुद्ध मराठीत लिहावा. केवळ ‘सर’ किंवा ‘मॅडम’ असे लिहिलेल्या निरोपांची दखल घेतली जाणार नाही. सूचनेखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. ‘ओके सर’, ‘यस मॅडम’ झाले. निरोप खरोखरच कमी झाले. मुलांना शिस्त लागली, असे आम्ही समाधानाने परस्परांना सांगितले. त्या समाधानाविषयीच आज लिहायचे आहे.

प्रथम या मुलखाविषयी. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, त्यातील दोन-तृतीयांशाहून जास्त जंगल, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. त्याच वर्षी, २०११ मध्ये, या दोन जिल्ह्यांसाठी नागपूर विद्यापीठातून गोंडवाना विद्यापीठ वेगळे काढण्यात आले. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलाची घरची भाषा कोणती, हे त्याच्या तालुक्यावरून पुष्कळदा सांगता येते. भामरागड-एटापल्लीकडचा असेल तर माडिया, धानोऱ्याचा असेल तर गोंडी, सिरोंच्याचा तेलुगू, मुलचेऱ्याचा बंगाली, कोरचीचा छत्तीसगढी. वैनगंगेच्या खोऱ्यात, ब्रह्मपुरी-आरमोरी-वडसा या पट्ट्यात झाडीबोली. या सर्वांना आम्ही जी शिकवतो ती प्रमाण मराठी. ती मात्र बहुतेकांच्या घरी कोणीच बोलत नाही.

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी आली आणि पुढच्या सत्रापासून आमचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. झूमचा विनामूल्य वर्ग चाळिसाव्या मिनिटाला बंद पडे, म्हणून आम्ही गूगल मीटकडे वळलो. पडद्यावर रंगीत वर्तुळे आणि त्यांत नावांची आद्याक्षरे. कॅमेरे बंद, आवाज बंद. ‘आवाज येतोय का?’ हा त्या दिवसांतला आमचा नित्याचा मंगलाचरणाचा श्लोक. त्यावर कोणीतरी ‘यस सर’ असे टंकी, आणि तासाच्या शेवटी ‘काही शंका?’ असे विचारले की पुन्हा कोणीतरी ‘नो सर’. या दोन निरोपांच्या मधल्या पाऊण तासात आम्ही केशवसुत शिकवले, मर्ढेकर शिकवले. कोणाला शिकवले हे सांगता येत नाही.

या मौनाचे कारण आम्हांला फार लवकर सापडले : टावर नाही. आमच्याकडे रेंजला टावर म्हणतात. कारण खोटे नव्हते. गावात एका विशिष्ट झाडाखाली, तळ्याच्या पाळीवर किंवा गावाबाहेरच्या टेकाडावरच टावर मिळतो, हे मुले आम्हांला सांगत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची २,९२० मेगावॉट वीज राज्याला पुरवली जाते, आणि तिथून काही तासांवरच्या खेड्यात वादळी पावसाने गेलेली वीज परत कधी येईल याची खात्री नसते. घरात चांगला फोन एकच असे, तोही भावाचा किंवा वडिलांचा. एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जायचे, मेमध्ये तेंदूपाने तोडायला. सकाळी अकराचा तास या दिनक्रमात कुठे बसत नव्हता.

परंतु या कारणाने गैरहजर कोण, एवढेच उलगडते. जे हजर होते ते गप्प का, हे त्याने उलगडत नाही. ज्याला आमचे बोलणे ऐकू येत होते, ज्याला ‘यस सर’ टंकता येत होते, त्याला प्रश्नही टंकता आला असता. तो का टंकत नव्हता? हा प्रश्न आम्ही स्वतःला वर्षभर विचारला नाही. टावरचे कारण इतके सोयीचे होते की त्याच्या पलीकडे पाहण्याची गरजच वाटली नाही.

पुढे जे ध्यानात आले ते हळूहळू आले. वर्गात गप्प असणारी मुले सर्वत्र गप्प नव्हती. तास संपल्यावर त्यांचे वेगवेगळे मार्ग सुरू होत. काही जण वहीत लिहिलेल्या प्रश्नाचा फोटो काढून पाठवत. मोबाइलवर जोडाक्षरे जमत नाहीत, वहीत जमतात, हे त्याचे कारण. काही मिस्ड कॉल देत आणि आमच्या फोनची वाट पाहत. त्यात पैशांचा प्रश्न होता, पण बोलायचे की नाही हे मोठ्या माणसाने ठरवावे असाही भाव होता. काही मुली आपल्यातील एकीला पुढे करत, आणि ती सर्वांच्या वतीने मॅडमला विचारी. आणि काही जण ध्वनिमुद्रित निरोप पाठवत. गटावर नाही, खासगीत. रात्री उशिरा, घरातले झोपल्यावर, हलक्या आवाजात.

हे ध्वनिमुद्रित निरोप आम्ही आरंभी ऐकतच नसू. तीन मिनिटांचा निरोप ऐकायला तीन मिनिटे लागतात; लिहिलेला मजकूर डोळ्यांखालून क्षणात जातो. एकदा मात्र असा एक निरोप पुरता ऐकला. प्रश्न ग्रामीण कथेतील एका पात्राविषयी होता. ती सासू दुष्ट आहे असे आम्ही वर्गात सांगितले होते. निरोप पाठवणाऱ्या मुलीचे म्हणणे असे, की ज्या घरात धान्याची कणगी एकच आहे त्या घरात सुनेच्या हाती माप न देणारी सासू दुष्ट असेलच असे नाही. तिच्या आजीचे तसेच होते. मुलगी झाडीबोलीत बोलत होती. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘र’. डोळ्याला ‘डोरा’ म्हणत होती. दर दोन वाक्यांनी ‘जी’ होते. मुद्दा नेमका होता, उदाहरण घरचे होते आणि वाक्याला वाक्य जोडले जात होते. या मुलीच्या नावापुढे वर्षभरात आमच्या नोंदीत ‘यस मॅडम’ यापलीकडे काही नव्हते.

आम्ही गटावरचे जुने निरोप वर सरकवून पाहिले. जुलै २०२० मध्ये तिने गटावर एक प्रश्न लिहिला होता, त्यात ‘पानी’ असा शब्द होता. त्याखाली, सर्वांसमक्ष, आमचे उत्तर होते : ‘पाणी.’ एवढेच. प्रश्नाला उत्तर नव्हतेच. आम्ही शुद्धलेखन तपासले होते आणि पुढे गेलो होतो. वर्गात अशी चूक दुरुस्त केली असती तर ती हवेत विरली असती. पडद्यावर मात्र तो शब्द, त्याखालची दुरुस्ती आणि त्याखाली कोणा सोबत्याने टाकलेले हसरे चित्र, असे सारे कोरून ठेवल्यासारखे राहिले होते. त्यानंतर गटावर तिने प्रश्न विचारला नाही. टावर त्या दिवशीही होता आणि नंतरही होता.

मुलांना कोणते माध्यम आवडते, असे आपण विचारतो तेव्हा प्रश्नाची मांडणीच कदाचित चुकते. मजकूर, आवाज की चित्र, ही निवड त्यांच्या लेखी दुय्यम होती. कोणासमोर बोलायचे, आणि बोललेले कोणत्या मापाने मोजले जाणार, हे ते आधी पाहत होते. फोटोतली वही, मिस्ड कॉल, मैत्रिणीमार्फतचा प्रश्न, रात्रीचा हलका आवाज या साऱ्या वाटा एकाच ठिकाणाहून फुटत होत्या. चारचौघांत भाषेचे माप लावले जाणार नाही अशी जागा ती मुले शोधत होती. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून मांडलेला विचार असा, की शिक्षणातले अंतर मैलांत मोजायचे नसते. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती आहे यावर ते कमीजास्त होते. सिरोंच्याचा मुलगा आमच्यापासून किती किलोमीटरवर आहे हे आम्हांला ठाऊक होते. हे दुसरे अंतर आम्ही वाढवत होतो.

आणि हे आम्ही करावे! दरवर्षी एम. ए.च्या वर्गात आम्ही महानुभाव वाङ्मय शिकवतो. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते माणसामाणसाकडे जाऊन, आठवणी ऐकून. ज्याने जसे सांगितले तसे त्यात उतरले, पाठभेदांसह उतरले. केसोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करायची होती, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. त्याने माझ्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील असा त्यांचा आक्षेप होता, ही ‘स्मृतिस्थळा’तली हकिकत सांगताना आमचा आवाज चढतो. मराठी गद्याचा पायाच मुळी ऐकण्यावर आणि बोलीवर उभा आहे, हे आमचे आवडते वाक्य. ते वाक्य सांगणाऱ्या अध्यापकांनी ‘पानी’खाली ‘पाणी’ लिहिले.

त्याहूनही अवघड गोष्ट त्या ‘सर’ची आहे.

२० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील महाविद्यालये प्रत्यक्ष सुरू झाली. पहिल्या काही दिवसांत आम्ही आपापल्या वर्गांत कागद वाटले आणि मुलांना लिहायला सांगितले : गेल्या दीड वर्षात तुम्हांला काही विचारायचे होते आणि विचारले नाही, असे घडले का? का? नाव लिहू नका, शुद्धलेखन पाहिले जाणार नाही. (हे दुसरे वाक्य फळ्यावर लिहिताना थोडे लाजल्यासारखे झाले.) आलेल्या कागदांत टावर होता, नेटपॅक होता, घरातला गोंगाट होता. पण पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट वेगळी होती. आम्ही निरोप पाठवला होता, तुमचे उत्तर आले नाही. पुढे लिहायचे कसे ते कळले नाही. सरांना एकदम प्रश्न कसा विचारायचा?

एका मुलाची जागा रिकामी होती. गडचिरोलीच्या दक्षिणेकडचा, द्वितीय वर्षाचा. चौकशी केली तेव्हा कळले की त्याने परीक्षेचा अर्ज भरलाच नव्हता. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आमच्या भागातील कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात; तोही आईवडिलांबरोबर गेला होता. अर्ज तिथून भरता येईल का, पैसे कसे भरायचे, शेवटची तारीख कोणती, हे त्याला विचारायचे होते. आम्ही मोबाइल उघडून पाहिला. फेब्रुवारी २०२१ च्या एकाच आठवड्यात त्याचे तीन निरोप होते. सर. सर. सर.

पुढे तो एकदा बाजारात भेटला. आम्ही थोड्या रागानेच विचारले, की बाबा, प्रश्न लिहिला का नाहीस? तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही ‘बोल’ म्हटलं नाही जी, सर.”

त्याच्या बाजूने पाहिले तर यात न समजण्यासारखे काही नव्हते. त्याने स्टाफरूमच्या दारात उभे राहून ‘सर’ म्हटले होते. वर्गात हात वर केला होता. दारात उभा असलेला विद्यार्थी ‘सर’ म्हणतो आणि थांबतो. मान वर करून आपण ‘बोल’ म्हणतो. मग तो बोलतो. वर्षानुवर्षे आम्हीच त्याला ही रीत शिकवली होती. न विचारता बोलणाऱ्याला आम्हीच उद्धट म्हटले होते. दार जाऊन पडदा आला तेव्हा त्याने रीत सोडली नाही. आम्ही मात्र त्याचे दारात उभे राहणे ‘अर्धवट निरोप’ ठरवले, आणि दखल घेतली जाणार नाही असे लिहून कळवले. ती सूचना त्यानेही वाचली होती. तरी त्याने तीनदा विचारून पाहिले. त्याचे ते वर्ष गेले. नंतर तो महाविद्यालयात परतला नाही.

जुन्या मराठी पत्रव्यवहारात मायन्याला केवढे महत्त्व होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव. वरिष्ठाला विज्ञापना, कनिष्ठाला आज्ञा. लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते ठरल्याशिवाय मजकूर सुरूच होत नसे. परंपरा सांगते, की चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना हाच पेच पडला. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? ठरेना, तेव्हा त्यांनी कोरा कागदच धाडला. मुक्ताबाईने त्यावरून त्यांची थट्टा केली असे सांगतात. पण निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला उत्तर लिहिले, ते पासष्ट ओव्यांचे. ‘चांगदेव पासष्टी’ आम्ही अनेकदा शिकवली आहे. मायन्यापाशी अडलेले पत्रही पत्रच असते आणि त्याला उत्तर देता येते, हा तिच्या जन्मकथेतला साधा भाग आमच्या ध्यानात आला नव्हता. आमच्याकडे आलेला कागद तर पूर्ण कोराही नव्हता. त्यावर मायना होता.

येथपर्यंत आम्हां दोघांचे एकमत आहे. यापुढे नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की ही सारी सहानुभूती मुलांना महागात पडेल. पोलीस भरतीचा पेपर, स्पर्धा परीक्षा, शिक्षकपदाची पात्रता परीक्षा यांपैकी कुठेही रात्रीचा ध्वनिमुद्रित निरोप चालणार नाही. तिथे ‘पाणी’च लिहावे लागेल, आणि पूर्ण वाक्यात लिहावे लागेल. ज्या मुलांना घरून हे मिळत नाही त्यांना ते देणे हेच तर आमचे काम. बोलीचे कौतुक करून आपण त्यांना बोलीतच ठेवले, तर प्रमाण भाषा ज्यांच्या घरी आहे त्यांचे फावते. दुसरीचे उत्तर असे, की हे सारे मान्य आहे. पण जो मुलगा बोललाच नाही त्याचे शुद्धलेखन तपासणार कुठले? आधी ‘बोल’ म्हणावे लागेल. लिहिणे त्याच्या मागून येईल.

वाद मिटलेला नाही. त्यातून एक पद्धत मात्र निघाली, ती दोघांनाही पटली. ऑनलाइन असो वा प्रत्यक्ष, मुलाने आधी आपले म्हणणे आपल्या बोलीत मोबाइलवर मुद्रित करायचे. मग ते स्वतःच ऐकून जसेच्या तसे वहीत उतरवायचे. बोलीतले ‘पानी’ तिथे चूक नाही, ‘पाणी’ लिहिले तर उलट उतरवण्यात चूक झाली. त्यानंतर तोच मजकूर प्रमाण मराठीत लिहायचा. वही तीन रकान्यांची. माडिया किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुलांची वाट यात लांबची आहे, कारण तिथे दोन रकान्यांच्या मध्ये अख्खा अनुवाद येतो, आणि देवनागरीत माडिया उतरवताना पुष्कळदा आम्हीच अडतो. तेव्हा ती मुले आम्हांला शिकवतात. दुरुस्ती आता गटावर होत नाही, वहीत होते.

हे जुने उगाळण्याचे कारण, ऑनलाइन वर्ग संपलेले नाहीत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतून चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी दिली आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने ती वाट रुंदच केली आहे. हे बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. व्याख्याने आधी मुद्रित केलेली, व्याख्याते नामवंत. शंका विचारण्याची सोय आहे, तीही लिहून आणि सर्वांसमक्ष. दुर्गम भागातील मुलाला देशातील उत्तम अध्यापक ऐकायला मिळावा, याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आमच्याहून ते चांगलेच शिकवतात. पण आमचा मुलगा तिथे जाऊन ‘सर’ म्हणेल आणि थांबेल, तेव्हा मान वर करणारे तिथे कोण असेल, हे कोणत्याही आराखड्यात आम्हांला आढळले नाही. निदान स्थानिक महाविद्यालयातील एका अध्यापकाच्या कामाच्या तासांत ते ऐकणे मोजले जावे, एवढी मागणी आम्ही जिथे बोलायला मिळते तिथे करतो.

तूर्त आमच्यापुरता नियम केला आहे. ती सूचना मागे घेतली. रात्री निरोप आला, ‘सर’ किंवा ‘मॅडम’, तर झोपण्यापूर्वी एक शब्द लिहायचा : ‘बोल’. पुष्कळदा त्यानंतर काही येत नाही. कधी सकाळी येते, कधी दोन दिवसांनी, टावर मिळेल तेव्हा. कधी त्यातला प्रश्न अगदीच किरकोळ असतो, आणि आमच्यापैकी एक जण कुरकुरतो की यासाठी एवढे! पण तोही लिहितो.